बायाक्काचा हात

दुर्गाबाईच्या डाव्या पायातलं जोडवं काही केल्या निघेना. बायाक्कानं आधी पाणी लावून पाहिलं, मग तेल लावलं, मग जोडवं घडवणाऱ्या सोनाराचा उद्धार केला; ते बोटात रुतून बसलं होतं ते बसलंच. उजव्या पायातलं बोट लावताच निघालं होतं. आज नातीचं बारसं. वडगावहून दुर्गाच्या भावानं नवी जोडवी धाडली होती. ती घालून, नवं लुगडं नेसवून सुनेला दहाच्या आत पाळण्याजवळ बसवायचं, असं बायाक्कानं ठरवलं होतं. आणि बायाक्कानं एकदा ठरवलं की शहापुरातल्या त्या गल्लीत सहसा कुणी वाद घालत नसे.

“पाय सैल सोड की गं.”

“सैलच हाय, आत्ती. नुस्ता जड झालाय. माझा न्हाईच जणू.”

बायाक्कानं कांबळं मांडीपर्यंत वर सारलं. उजवा पाय नेहमीसारखा होता. डावा मात्र मांडीपासून घोट्यापर्यंत फुगला होता, कातडं ताणून पांढरंफटक पडलं होतं आणि पोटरीला हात लागताच दुर्गा कळवळली.

“वारं भरलंय,” बायाक्का म्हणाली. काल संध्याकाळीही ती हेच म्हणाली होती आणि घटकाभर पाय चोळला होता. “खालनं वर चोळून काढलं की उतरतंय. तेल ऊन कर गं कुणीतरी!”

तिला काळजी वाटली नाही. गल्लीतल्या पाच-पन्नास बाळंतिणी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. कुणाचं पोट, कुणाची कंबर, कुणाचे पाय. बायाक्काचा हात फिरला की बाई उभी राहते, असं वडगावपर्यंत बोललं जाई. कौतुक ऐकताना ती तोंड वाकडं करी, पण पदराआड हसे.

शिवाय या बाळंतपणात तिनं कसलीच कसूर ठेवली नव्हती. थोरली सून राजाबाई आठ वर्षांपूर्वी बारशाच्याच दिवशी बाजेवरून उठली आणि मेली. अंग ओलं असताना उठली म्हणून मेली, असं सगळे म्हणाले. दुर्गाची पहिली दोन बाळंतपणं वडगावला माहेरी झाली. यंदा तिची आई उरली नव्हती, म्हणून तिसरं इथं. बायाक्कानं तेव्हाच मनाशी घेतलं होतं, की ही चूक पुन्हा नाही. अकरा दिवस तिनं दुर्गाला भुईला पाय लावू दिला नव्हता. पोटाला पट्टा, कानाला फडकं, बाजेखाली शेगडी आणि पाणी मागितलं तर ओव्याचा एक घोट. आजसुद्धा उचलूनच नेणार होती.

नवं लुगडं घेऊन मालुबाई उंबऱ्याशी आली आणि तिथंच थांबली. बायाक्काची ही विधवा लेक. या खोलीत येऊ नको, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिचं तिनंच ओळखलं होतं. अकरा दिवस ती बाहेरच बसून रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती आणि भाचीचं रडणं भिंतीआडून ऐकत होती.

तिनं लुगडं पुढं केलं, आणि तिची नजर त्या पायावर गेली.

असाच पाय होता राजीचा. असाच एकच, असाच पांढरा. ‘वन्सं, पाय बघा की कसा झालाय’, असं राजी म्हणाली होती. आव्वानं, तिच्या आईनं, त्या सकाळी तो चांगला रगडून काढला होता, आणि मग हाक मारली होती, ‘मालू, वैनीला पाळण्याजवळ घिऊन जा.’ मालूनं हात दिला. राजी तीन पावलं चालली. तिसऱ्या पावलाला तिनं छाती धरली, ‘वन्सं, दम...’ एवढंच म्हणाली, तिचे ओठ निळे पडले आणि ती मालूच्या अंगावर कोसळली. बारशाला जमलेल्या बायकांना दिसला तो एवढाच देखावा: मेलेल्या राजीचा हात मालूच्या हातात. नवऱ्याला खाऊन आली, आता भावजयीला, असं कुणीतरी म्हणालं. आव्वा तिथंच होती. ती तसं म्हणाली नव्हती, पण नाहीही म्हणाली नव्हती. राजीचं बाळ महिन्याभरात गेलं, नावावाचूनच.

बायाक्कानं हातावर तेल घेतलं.

मालूनं उंबरा ओलांडला आणि आईचं मनगट धरलं.

“आव्वा, चोळू नगंस.”

“सोड. आणि भाईर हो आधी.”

“न्हाय हुयाची. राजीवैनीचा पाय असाच हुता. तू चोळलीस आन् ती...”

“मी?” बायाक्काचा आवाज चढला. “मी चोळली म्हणून व्हय? तिला उठीवली कुणी?”

आठ वर्षं घरात न बोललेलं ते वाक्य एकदाचं बोललं गेलं. दुर्गा भिंतीकडे बघू लागली. बाळ रडायला लागलं.

आवाज ऐकून दुर्गाचा नवरा कल्लाप्पा धावत आला. त्याला भांडणाचं मूळ कळायच्या आधीच बाजू घ्यायची सवय होती, आणि ती बाजू आईची असे. “मालाक्का, आज तरी नगं गं. बायका येऊन बसल्यात भाईर. आव्वाला कळतंय की तिचं ती.”

“तुला कळतंय काय, कल्ल्या? बायकू तुजी हाय.”

“म्हणूनच म्हणतोय!”

आतल्या सोप्यात माग थांबला. बारशाच्या दिवशीही थोरला मुलगा यमनाप्पा, राजीचा नवरा, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. राजी गेल्यापासून त्याला घरातल्या कुठल्याही समारंभात बसवत नसे. तो दारापर्यंत आला, पण त्यानं आत पाहिलं नाही. मान खाली घालून बहिणीला म्हणाला, “तसाच?”

“तसाच, आप्पा.”

“दुर्गाला काय वाटतंय, इचारलं का कुणी?”

ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दुर्गा हळूच म्हणाली, “मला भ्या वाटतंय. चोळू नगा.”

“मी डाक्टरला घिऊन येतो,” यमनाप्पा म्हणाला. “तवर हात लावायचा न्हाय. आव्वा, तूबी न्हाय.”

थोरल्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा तिला असं सांगितलं होतं. बायाक्का हातातल्या तेलाकडे बघत बसली, मग तिनं ते आपल्याच पायांना पुसलं.

यमनाप्पानं पायात वहाणा सरकवल्या आणि तो सुटला. शहापूर संस्थानात आणि बेळगाव इंग्रजी मुलखात असलं तरी मधली हद्द माणसाला दिसतही नसे. पण बेळगावच्या खडेबाजारातला दवाखाना गाठेपर्यंत त्याला वाटलं, आपण आठ वर्षं चालतो आहोत. तेव्हा आपण वैद्याकडे का गेलो नाही? आणि मालूला एकदाही का म्हणालो नाही, की बाई, तुझं काही चुकलं नाही? राजी आपली होती. ते म्हणायचा अधिकार आपला एकट्याचा होता. तो आपण बाळगून बसलो आणि ती पोर रहाट फिरवत राहिली. रस्त्यात त्याला रडू आलं, त्यानं मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले.

मारुतीराव डॉक्टर टिळकवाडीहून नुकतेच दवाखान्यात आले होते. चाळिशीचा माणूस, लढाईत ब्रह्मदेशाकडच्या लष्करी इस्पितळात तीन वर्षं काढून परतलेला. यमनाप्पानं तुटक तुटक सांगितलं. ‘एकच पाय’ आणि ‘पांढरा’ हे दोन शब्द ऐकल्यावर त्यांनी पेशंट तसेच बसवून ठेवले आणि टांगा बोलावला.

दुर्गाला डॉक्टरांची लाज वाटत होती, पण त्याहून जास्त तिला एक गोष्ट लपवल्याची टोचणी लागली होती. काल रात्रीपासून तिच्या उजव्या कुशीत सुई खुपसल्यासारखं दुखत होतं. श्वास पुरता घेता येत नव्हता. बारशाच्या आदल्या दिवशी रडगाणं कुठं गायचं, म्हणून ती गप्प राहिली होती. तीन लेकरं. थोरला पाच वर्षांचा. रात्रभर ती एवढाच विचार करत होती, की मी गेले तर यांना न्हाऊ कोण घालेल?

डॉक्टरांनी दोन्ही पायांना दोरीनं वेढा घालून मोजलं, पोटरी हलक्या बोटानं दाबून पाहिली आणि विचारलं, “छातीत दुखतंय काय, बाई?”

दुर्गाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “कुशीत. काल रातीपासनं. खोकल्यात जरासं रगत पण आलतं. फडक्यात गुंडाळून ठिवलंय.”

कल्लाप्पाचा चेहरा उतरला.

डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग ते उठून सगळ्यांना घेऊन दाराशी आले. बाहेर बायकांची कुजबुज चालली होती. ते हळू आवाजात बोलले.

“तुम्ही विणकर माणसं. ताण्याला खळ लावता. ती खळ ढवळायची थांबवली तर काय होतं?”

“गोळं हुत्यात,” बायाक्का म्हणाली.

“रक्ताचं तसंच आहे, आज्जी. पाय हलतात तोवर ते वाहतं. अकरा दिवस बाई एका जागी पडली, पाणी बेताचं, आणि बाळंतिणीचं रक्त मुळातच लवकर गोठतं. पायाच्या शिरेत गोळा झाला, म्हणून पाय सुजला. तो गोळा पायात आहे तोवर जीव जात नाही. पण त्याचा तुकडा सुटला, तर रक्ताबरोबर वर जातो, काळजातून फुप्फुसात, आणि तिथं अडकतो. लहान असला तर कुशीत दुखतं, रक्त पडतं. हिला तेच झालंय. मोठा असला तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “बसल्या जागी दम कोंडतो. ओठ निळे पडतात. काही करायला सवड मिळत नाही.”

यमनाप्पानं दाराची चौकट धरली. मालूनं तोंडावर पदर घेतला.

“मग पाय हलवूया म्हंजे झालं!” कल्लाप्पा म्हणाला.

“आता नाही. गोळा व्हायच्या आधी हलवायचा होता. आता तो शिरेला चिकटून घट्ट बसेपर्यंत हलवायचा नाही, चोळायचा तर अजिबात नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात रक्त गोठू न देणारं इंजेक्शन आलंय म्हणतात. मी फक्त वाचलंय, इकडं बाटलीसुद्धा बघितली नाही. आणि तिला टांग्यात घालून कुठं न्यायचं म्हटलं, तर तुमच्या रस्त्यांची मला भीती वाटते. पाय उशांवर उंच ठेवा. पाणी मागेल तेवढं द्या. शेगडी काढा. दहा-बारा दिवस कुणाचा हात लागता कामा नये. मी रोज येईन.”

कल्लाप्पा आत जाऊन बायकोच्या उशाशी बसला. बाकीचे हलले, पण बायाक्का हलली नाही, आणि तिच्यामागं उभी असलेली मालूही.

“डाक्टर, एक सांगा. माझी थोरली सून. तिचाबी पाय असाच. सकाळी मी चोळला. मग ही माझी लेक तिला हात धरून घिऊन गेली, आन् तिसऱ्या पावलाला ती गेली. तिला उठीवली म्हणून गेली न्हवं?”

मारुतीरावांनी म्हातारीकडे पाहिलं, मग मालूकडे. त्यांना एकदम सगळं कळलं असावं.

“उठवल्यानं गोळा होत नाही, आज्जी. पडून राहिल्यानं होतो. तो तिच्या पायात आधीच होता.”

“मग सुटला कशानं? चोळल्यानं?”

“चोळल्यानं सुटतो. कधी नुसतं उठल्यानं सुटतो, कधी कूस बदलल्यानंही. तिच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.” ते थांबले. “आमच्या इस्पितळातही बायकांना चौदा चौदा दिवस खाटेवर ठेवत होते. पुस्तकातच तसं होतं. लढाईत जखमी पोरं महिनाभर निजवायचो आम्ही, बरी झाली म्हणून उठवायचो, आणि त्यातली काही दोन पावलांत कोसळायची. नंतर आम्ही त्यांना लवकर हलवायला लागलो. तुम्ही एकट्या चुकला नाहीत.”

“पर माझ्या हातानं झालं आसंल.”

“असेल. नसेलही.”

बायाक्कानं मान हलवली. तिला हवं होतं ते उत्तर ‘नाही’ हे होतं, आणि ते काही मिळालं नाही.

बाहेर सोप्यात पंधरा-वीस बायका पाळण्याभोवती बसल्या होत्या. घुगऱ्या निवाल्या होत्या. दुर्गाची चुलती अंबुबाई वडगावहून आलेली, मनानं वाईट नव्हती, पण गप्प बसणं तिच्या प्रकृतीला मानवत नसे. बायाक्का बाळाला घेऊन बाहेर आली तशी ती म्हणाली, “आमची पोरगी कुटं हाय? आईवाचून कसलं बारसं? आन् मालुबाई सकाळी आत गेलती म्हणं. खरं व्हय? बाराव्या दिवशीच बरी गेली ती!”

बायकांच्या नजरा कोपऱ्याकडे वळल्या. मालू रहाटापाशी उभी होती. तिनं मान खाली घातली. तिला त्याची सवय झाली होती.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण बायाक्कानं आठ दिवस आधीच लांबच्या नात्यातली एक आत्या हुडकून ठेवली होती. ती बाई नटूनथटून पाळण्याशी बसली होती.

बायाक्का उभीच राहिली. बाळ तिच्या हातात चुळबुळत होतं.

“अंबुबाई, मालू आत गेली म्हणून तुमची पोरगी आज जित्ती हाय. ऐका समद्यांनी. राजी गेली ती मालूनं उठीवली म्हणून न्हाय. तिच्या पायात रगताचा गोळा झालता. तो पडून पडून झालता, आन् ह्या हातानं मी चोळला. डाक्टर म्हणत्यात, माझ्यामुळंच असं न्हाय. पर मालूमुळं तर न्हाईच न्हाई.” तिनं बायकांवरून नजर फिरवली. “आठ वर्सं तुमी तिला बोलत हुता, आन् मी ऐकून घेत हुती. आई असून.”

अंबुबाईनं पाळण्याजवळ सरकून मालूला जागा करून दिली.

बायाक्कानं बाळ मालूपुढं धरलं. “नाव आत्या ठिवंल.”

मालू मागं सरकली. “मला नगं, आव्वा. माझ्या हातानं नगं.”

“घे म्हणतोय न्हवं,” मागून यमनाप्पाचा आवाज आला. बारशाच्या बायकांत कधी न येणारा तो माणूस मध्यभागी येऊन उभा होता. “मालू, तुझं काय चुकलं न्हवतं. हे मी आठ वर्सांमागंच सांगायला पायजे हुतं.”

मालूनं बाळ घेतलं. ती इतकी रडत होती, की कानात सांगितलेलं नाव बाळालाही कळलं नसावं. बायकांनी दोनदा विचारल्यावर तिनं ते मोठ्यानं सांगितलं.

“राजाक्का.”

पुढचे दिवस घरात सगळे दबक्या पावलानं वागले. बायाक्का बाजेच्या पायथ्याशी पहारा देत बसली. गल्लीतल्या म्हाताऱ्या भेटायला येत, सुजलेला पाय बघून त्यांचे हात आपोआप पुढं येत, आणि बायाक्का वाघिणीसारखी अंगावर जाई. स्वतःचे हात मात्र ती मांडीखाली दाबून बसे. पन्नास वर्षांची सवय. पाय दिसला की बोटं शिवशिवायची. दुर्गा झोपेत कण्हली की सासू घाबरून तिच्या नाकाशी बोटं धरी. श्वास लागला की मग भांडं भरून पाणी आणी. “पी गं बाई, पी. तुझ्या वाट्याचं अकरा दिवसांचं ऱ्हायलंय.”

दुसऱ्या आठवड्यात सूज उतरू लागली. कुशीतली कळ गेली. एका सकाळी जोडवं आपणहून सैल झालं. बारशापासून तेराव्या दिवशी मारुतीरावांनी पाय तपासला, घोट्यापासून मांडीपर्यंत घट्ट पट्टा बांधला आणि म्हणाले, “आज चालवा. थोडं थोडं, पण रोज.” आणि जाता जाता बायाक्काला म्हणाले, “गल्लीतल्या पुढच्या बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी उठवा. मी सांगून कुणी ऐकणार नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.”

दुर्गानं पाय खाली सोडले. कल्लाप्पा पुढं झाला, पण तिनं मान हलवून मालूकडं हात केला.

“वन्सं, तुमी धरा.”

मालूचा हात अर्ध्यावर थांबला. तिनं आईकडं पाहिलं. बायाक्का दाराशी उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

“धर,” ती म्हणाली.

मालूनं हात दिला. दुर्गा उठली, डगमगली, सावरली. एक पाऊल. यमनाप्पा मागाच्या खड्ड्यात विणणं थांबवून तसाच हातात धोटा धरून बसला होता. दुसरं. कल्लाप्पानं बाळाला छातीशी घट्ट धरलं. तिसरं पाऊल टाकलं आणि मालू जागच्या जागी थिजली. तिला पुढं पाऊल टाकवेना. तिनं दुर्गाच्या तोंडाकडं पाहिलं, ओठांकडं पाहिलं.

“काय हो वन्सं?” दुर्गा म्हणाली. “दमला व्हय तुमी?”

“थांबू नगंस, मालू,” बायाक्का म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायलाही तिनं हात बाहेर काढले नाहीत. “चालीव तिला. मी मोजतीय. चार.”